हिरव्या गालांचा ऑक्टोबर

पितृपंधरवडा आला की माझ्या घरात माझ्याच चित्राला कोणीतरी फूल वाहतं. यंदा हा मान नव्या पोळ्यावाल्या मावशींना मिळाला. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. कॉल संपवून हॉलमध्ये आले, तर चित्राच्या चौकटीत जास्वंद खोचलेली आणि मावशी डोळे मिटून, हात जोडून उभ्या.

"कोण हो ताई ह्या?" डोळे उघडल्यावर त्यांनी हळूच विचारलं.

"मी."

मावशींनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. फूल काही काढलं नाही. "असू द्या," म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

दोष त्यांचा नाही. सागवानी चौकट, काळसर पार्श्वभूमी, मधोमध गंभीर चेहऱ्याची मुलगी. आपल्याकडे अशा चौकटीत गेलेली माणसंच राहतात. त्यात हा ऑक्टोबर. पावसानं चार महिने दाबून ठेवलेलं ऊन एकदम मोकळं सुटतं, दुपार कलली की समोरच्या आयटी पार्कच्या काचांवर आपटून खराडीतल्या माझ्या हॉलमध्ये शिरतं आणि बरोबर त्या चित्रावर येऊन बसतं. एरवी तपकिरी दिसणारा गाल मग स्वच्छ हिरवा दिसतो. माझ्या टीममधली पोरं घरी आली की विचारतात, "मॅम, हा कुठला फिल्टर आहे?" मी त्यांना सांगते, हा फिल्टर नाही, हे माझे वडील आहेत. ती हसतात. मी हसत नाही. गेली कित्येक वर्षं मला दर ऑक्टोबरात या गालाचा तितकाच वैताग येतो.

अण्णा हडपसरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी फोटोवरून तैलचित्रं काढून द्यायला सुरुवात केली. बहुतेक गेलेल्या माणसांचीच. कुणाचं वर्षश्राद्ध, कुणाचा पंधरवडा, कुणाला दसऱ्याच्या आत भिंतीवर हवं, म्हणून भाद्रपद-आश्विन म्हणजे आमच्या घरी नुसती झुंबड. दोन खोल्यांच्या त्या घरात टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास भरून राहायचा. आईच्या आमटीलाही तो लागायचा. वाळत ठेवलेली अनोळखी आजोबा-आज्जी मंडळी कॉटखाली, फ्रिजवर, शिलाई मशीनवर बसून आमच्याकडे बघत असायची. मी त्यांच्या देखत लहानाची मोठी झाले, अभ्यास केला, इंजिनिअर झाले.

गिऱ्हाइकांच्या मागण्या ऐकून भिंतींनीही कान झाकले असते. कुणी लग्नाच्या ग्रुप फोटोतला बोराएवढा चेहरा आणून द्यायचं आणि म्हणायचं, यातले मामा मोठे करा, बाकीचे घालवा. कुणाला आईचा चष्मा काढून हवा, कुणाला तिच्या अंगावर पैठणी हवी. एक गृहस्थ म्हणाले, "वडील जरा हसरे करा." अण्णांनी विचारलं, "हसायचे का ते?" तर म्हणे, "छे हो, कधीच नाही. म्हणून तर." आणि झाडून सगळ्यांची एक मागणी ठरलेली: रंग थोडा उजळ घ्या. अण्णा चष्म्यावरून बघायचे. "मग फोटो कशाला आणलात? पावडरचा डबा आणायचा." तरी गिऱ्हाइकं येत राहिली. पुण्यात अपमान करून घ्यायला माणसं रांग लावतात, हे काही नवीन नाही.

एकाच बाईंवर मी त्यांना खूश झालेलं पाहिलं. त्या विश्रांतवाडीच्या. नवरा टपाल खात्यात होता, सायकलवरून पत्रं वाटण्यात हयात गेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळे नातेवाईक जमणार, त्याआधी चित्र हवं होतं. बाई म्हणाल्या, "गोरे करू नका सर. उन्हानं रापलेले होते, तसेच असू द्या." त्या गेल्यावर अण्णा दार लावून आत आले आणि आईला म्हणाले, "ही बाई अमेरिकनाला आवडली असती."

अमेरिकन. हे आता सांगायलाच हवं. त्या काळात पुण्यातल्या प्रत्येक घरात एक अमेरिकन होता. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई. आमच्या घरातला अमेरिकन दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा होता. तिकडे अजून इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हाचा एक माणसांची चित्रं काढणारा चित्रकार. अण्णांना तो भेटला एका जुन्या कॅलेंडरवर. शाळेत कुणीतरी आणून दिलेलं, जाड कागदाचं, एकच मोठं चित्र आणि खाली तारखांचा चिटोरा. वर्ष संपलं, अण्णांनी तारखा कापून टाकल्या आणि चित्र हॉलच्या भिंतीवर लावलं, खिडकीच्या बरोबर समोर. टेबलाशी बसलेली एक मध्यमवयीन बाई, कोपराला लेस, हातात एक फळ. कुण्या दुकानदाराची बायको असावी. दिसायला बेताची, नाक मोठं, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. चित्रकारानं त्यातलं काहीही लपवलेलं नव्हतं. आणि तिच्या गालावर, गळ्याजवळ, मनगटावर एक थंड हिरवट छाया होती.

त्या हिरव्या छायेवर अण्णा जीव ओवाळून टाकायचे. वाचनालयातल्या जाडजूड कोशात त्या चित्रकारावर मजकूर होता, तो त्यांना पाठ. "शाळा नाही, गुरू नाही. एका बंदरगावात बसून, परदेशातून आलेली काळीपांढरी छापील चित्रं बघून शिकला. आमच्यासारखाच. आणि काम किती सावकाश! समोर बसलेली माणसं कंटाळून जायची. पण हिरवा बघ. कातडीखालचा हिरवा बघितलाय त्यानं. आपले लोक गुलाबी फासतात." मग ते स्वतः हिरवा लावायचे. हडपसरपासून विश्रांतवाडीपर्यंत कित्येक घरांतली गेलेली माणसं त्यांनी हिरवट करून ठेवली. लोक म्हणायचे, "सर, दादांना कावीळ झाल्यागत वाटतंय." अण्णा म्हणायचे, "अमेरिकन पद्धत आहे." मग लोक गप्प बसायचे. त्या दिवसांत अमेरिकन म्हटलं की कोणीही गप्पच बसायचं.

शतक संपायला आलं होतं. जगभरच्या कॉम्प्युटरांनी सालाचे दोनच आकडे लिहून ठेवले होते आणि ते निस्तरायला पुण्यातली पोरं विमानं भरभरून चालली होती. त्यात माझाही नंबर लागला. दिवाळीच्या आत जायचं होतं. व्हिसाचे कागद, ऑफिसातलं ट्रेनिंग, थंडीचे कपडे, आईचे लाडू. आणि नेमका त्याच पंधरवड्यात अण्णांनी जाहीर केलं, "मंजू, मी तुला काढणार. समोर बसवून. अमेरिकनासारखी."

मी म्हटलं, "फोटो काढा आणि त्यावरून काढा."

"फोटोवरून सगळा गाव काढलाय," अण्णा म्हणाले. "जिवंत माणूस समोर बसलेला आजवर एक नाही. मेल्यावर आणतात माझ्याकडे. एकदा मला बसलेलं माणूस पाहिजे."

हे ते इतकं सरळ बोलले की मला नाही म्हणता येईना. अण्णांचं सरळ बोलणं क्वचितच ऐकायला मिळायचं. पण आई खवळली. "जाणाऱ्या पोरीला त्या चौकटीत बसवता? त्या चौकटीत कोण असतं ते ठाऊक आहे ना? पंधरवडा चाललाय, अहो!"

"मग नवरात्रात सुरू करतो," अण्णा म्हणाले. एवढीच काय ती माघार.

कॅलेंडरवरच्या बाईच्या हातातलं फळ कोणतं यावर आमच्या घरी जुना वाद होता. आई म्हणायची कैरी. अण्णा म्हणायचे, तिकडे कुठली आलीय कैरी, तो पेरूच. गोल, फिकट हिरवा, दुसरं काय असणार? म्हणून माझ्या हातात पेरू द्यायचं ठरलं. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरकडून येणारी एक पेरूवाली बसायची. अण्णांनी तिची अख्खी पाटी उपसली. हा डागाळलेला, तो लांबट, याला देठ नाही.

"अवो सायेब, खायचा हाय का लगीन लावायचं हाय त्येचं?"

"खायचा नाही. बसवायचा आहे."

"बसवायचा? गनपती हाय का त्यो?" तिनं एक उचलून पुढं केला. "ह्यो घ्या. आतून लाल हाय बरं का, साखरंवानी."

"आत काय आहे याच्याशी मला काही कर्तव्य नाही," अण्णा म्हणाले.

त्यानंतरचे रविवार मला अजून छळतात. पंखा बंद, कारण पडदा हलतो आणि उजेड हलतो. ऑक्टोबरची दुपार, पाठीवरून घामाची धार, अंगात आईची जुनी कोपरापर्यंत बाह्यांची रेशमी चोळी, कारण अमेरिकनाच्या बाईलाही तेवढ्याच बाह्या. हातात पेरू. अण्णा एक डोळा मिटून बघायचे, ब्रश उचलायचे आणि परत ठेवायचे. मग उठून खिडकी बोटभर लोटायचे. बसायचे. पुन्हा उठायचे. टेबलाचा पाय झाला, चोळीची घडी झाली, माझी बोटं झाली. बोटं फार सुंदर झाली, हे कबूल. पण चेहरा? "चेहरा शेवटी." का? "चेहरा घाई केली की निसटतो." अहो, पण मी निसटतेय ना! माझं विमान आहे! "बोलू नकोस, जबडा हलतो." पालथ्या घड्यावर पाणी. दर आठवड्याला पेरू पिकून वास मारायला लागायचा, आई त्याची कोशिंबीर करायची आणि अण्णा तसाच दुसरा शोधायला निघायचे. विश्रांतवाडीच्या बाई त्यांच्या नवऱ्याचं चित्र न्यायला आल्या तेव्हाही मी तशीच बसले होते. त्यांनी ते चित्र हातात धरून बराच वेळ पाहिलं. हिरवट छाया त्या सावळ्या, रापलेल्या चेहऱ्यावर अशी काही बसली होती की मलाही तो माणूस सायकलवरून नुकताच उतरल्यासारखा वाटला. "हे तेच," बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बस गं बाई नीट. वडील काढतायत."

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी अण्णांनी अखेर चेहऱ्याला हात घातला. एका भुवईवर सगळी दुपार गेली. ऊन कलायला लागलं. माझ्या बॅगा तशाच उघड्या पडलेल्या, फोन वाजतोय, आई दारातून खुणा करतेय आणि अण्णा म्हणतात, "ही भुवई पुसतो. पुन्हा घेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला पेरू उचलला आणि कचकन चावा घेतला. लाल होता आतून, साखरेसारखा.

अण्णांचा ब्रश हवेतच. "ते चित्रातलं फळ होतं!"

"मग चित्रातच खाल्लं समजा," तोंड भरलेलं असतानाच मी म्हटलं. त्या दिवशीचं काम तिथंच थांबलं. चेहऱ्याच्या जागी एक भुवई ठेवून मी अमेरिकेला गेले.

पुढचं मला आईच्या फोनमधून कळत गेलं. अण्णांनी चेहरा आठवणीनं पुरा केला, हिरव्या छायेसकट. मग चित्र सय्यदभाईंकडे चौकटीला गेलं. सय्यदभाई त्यांचे नेहमीचे फ्रेमवाले, सज्जन माणूस. सरांचं काम म्हणजे गेलेलं माणूस, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं की त्यांनी चौकट केली, काच बसवली, चंदनाच्या सालींचा हार घातला आणि वर इवलासा लाल दिवाही लावून दिला. आई मार्केटला गेलेली. अण्णांनी चित्र भिंतीवर टांगलं आणि उजेड कसा पडतो ते बघायला मागं सरले. एकदा उजेड बघायला लागले की त्यांना हारबीर काही दिसायचं नाही. तेवढ्यात शाळेतले जुने देशपांडे सर आले. चित्र पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले आणि खुर्चीत बसून राहिले. आई पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा ते अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "फार लहान होती हो पोर."

त्यानंतर काय झालं ते सांगायला नको. चित्र भिंतीवरून उतरलं आणि तोंड भिंतीकडे करून कपाटामागे गेलं. "एक तर चेहरा हिरवा, वर हार," आई फोनवर रडत होती. "तुला बरं आहे ना? ताप नाही ना? खरं सांग." तिकडे बर्फ, इकडे आई, मधे मी. आणि अण्णांचा प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: "बघितलंस का?"

कारण कॅलेंडरवरच्या बाईचं मूळ चित्र तिथल्याच एका संग्रहालयात होतं. माझ्या गावापासून बरंच लांब. शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळून एका शनिवारी मी आगगाडीनं गेले. ओला बर्फ, भिजलेले बूट, कोट काढायचा कुठे ते कळेना. दालनामागून दालन पार करत गेले आणि एका वळणावर बाई समोर.

गुलाबी! जिना चढून आल्यासारखी लालबुंद झालेली, तजेलदार, गुबगुबीत बाई. आणि हातात फळ, तेही लाल. पीच. हिरव्याचा कुठे मागमूस नाही.

मी हसले. मग मला एकदम राग आला, आणि कुणाचा ते कळेना. हॉलमधली पश्चिमेची खिडकी आठवली. वर्षानुवर्षं रोज दुपारी त्या कॅलेंडरवर पडणारं ऊन आठवलं. लाल रंग उन्हानं हळूहळू खाऊन टाकला होता, इतका हळू की कुणाच्या लक्षात आलं नाही. अण्णांनी ज्याच्या पायावर डोकं ठेवलं तो अमेरिकन अर्धा त्या चित्रकाराचा आणि अर्धा हडपसरच्या उन्हाचा होता. गंमत म्हणजे खरं चित्र समोर असताना मला ते भडक वाटत होतं. नाक तेच, हनुवट्या त्याच, लपवाछपवी नाही, माणूस थोर होता यात शंकाच नाही. पण टपालवाल्यांच्या चेहऱ्यावरची ती थंड छाया मला तिथं सापडेना आणि तिच्यावाचून करमेना. याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी फोन केला. "अण्णा, बाई गुलाबी आहे."

अण्णांनी विचारलं, "आणि पेरू?"

"पेरू नाही. लाल फळ आहे. पीच."

"धुतलं असणार."

"काय?"

"चित्र. हल्ली सगळीकडे साफसफाई चालते. नवं दिसलं पाहिजे म्हणून जुन्याचा रंग खरवडतात. अडाणी लोक."

"अण्णा, आपलं कॅलेंडर उन्हानं विटलंय."

"तू जेवतेस ना वेळेवर?" अण्णा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

मी परत आले ती पुढच्या ऑक्टोबरात. दारातून आत पाऊल टाकलं तर चित्र भिंतीवर. हार नाही, दिवा नाही, काच नाही. गाल मात्र तसाच हिरवा. मी तोंड उघडणार होते, इतक्या मैलांची तंगडतोड करून सांगितलं त्याचं काय झालं ते विचारणार होते, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. हातातल्या पेरूचा एक लचका तोडलेला होता. आतला गर लाल. ओला, रसरशीत लाल, दातांच्या खुणांसकट. साऱ्या चित्रात तेवढाच लाल रंग.

"हे काय?"

"काय म्हणजे? खाल्लास ना तू?" अण्णा ब्रश पुसत म्हणाले. मग जरा ऐटीत, "अमेरिकनाला हे सुचलं नसतं. त्याच्या बाईनं नुसतं धरून ठेवलंय."

त्यांनी चूक कबूल केली का? अजिबात नाही. मरेपर्यंत ते सगळ्यांना हिरवंच करत राहिले. स्वतःला मात्र कुणाकडून काढून घेतलं नाही, फोटोसुद्धा कुणाला काढू दिला नाही. निम्म्या गावाच्या भिंती भरून टाकणाऱ्या माणसाचा आमच्याकडे एकच फोटो आहे, निवृत्तीच्या कागदांसाठी काढलेला पासपोर्टच्या मापाचा. तो हॉलमधल्या आरशाच्या चौकटीत खोचलेला आहे. फुलं वाहणाऱ्यांना तो दिसत नाही, दिसते ती मी. मला याचा वैताग येतो असं मी म्हणते. खरं म्हणजे त्या वेळी माझ्यासमोर बसून एका भुवईसाठी सगळी दुपार घालवणारा माणूस मला परत हवा असतो, आणि तो मिळत नाही म्हणून मी गालावर चिडते.

तर यंदाची जास्वंद. मी ती काढायला स्टुलावर चढत होते, तेवढ्यात आई आतून काठी टेकत आली. आता ती माझ्याकडेच असते. त्या चित्रावरून जिनं घर डोक्यावर घेतलं होतं, तीच.

"मावशी, इकडे या," तिनं हाक मारली. मावशी पिठाचे हात घेऊन आल्या. आईनं काठी उचलून चित्रातल्या पेरूवर टेकवली. "हे बघा. मेलेली माणसं पेरू खातात का?"

मावशी वाकल्या. लाल गर बघितला, दातांच्या खुणा बघितल्या. "नाही हो," म्हणाल्या. पदरानं हात पुसत त्यांनी फूल काढलं आणि ते घेऊन घुटमळल्या, कारण वाहिलेलं फूल ठेवायचं कुठं?

आईनं काठी आरशाकडे वळवली.

"तिकडे ठेवा," ती म्हणाली. "त्यांना आता चालेल."